नाताळचं नवल मोठेपणी टिकवायचं कसं?

गोदाकाठ:
घरात सगळीच मोठी माणसं आहेत. डिसेंबर लागला की प्लास्टिकचं झाड आणि लुकलुकती माळ लागते, चार दिवसांनी तिकडे कुणी बघतही नाही. यंदा चांदणी आणि गव्हाणीचा, म्हणजे येशूजन्माचा देखावा घरीच करायचाय. मापं सांगा, कुठे बिनसतं तेही सांगा. आणि मोठ्या माणसालाही थांबून बघावंसं वाटेल असं काय करता येईल?

कामटी:
चांदणी आधी घ्या. दोन फुटी दहा कामट्या आणि चार इंची पाच तुकडे लागतील. आपल्याकडे, विशेषतः येवल्यात, संक्रांतीच्या पतंगांची तयारी याच दिवसांत सुरू असते, त्यामुळे कामट्या आणि पतंगी कागद शोधावा लागत नाही.

पाच कामट्या एकमेकींच्या वर-खाली विणून एक चांदणी करा. पाच टोकं आणि आतले पाच छेद दोऱ्याने आवळा. अशा दोन झाल्या की टोकाला टोक बांधा आणि आतल्या छेदांमध्ये चार इंची तुकडे उभे अडकवा, म्हणजे पोट फुगतं. कामट्या नेमक्या याच वेळी मोडतात, म्हणून आधी तीन-चार तास पाण्यात ठेवा. मात्र कागद लावायच्या आधी सांगाडा पूर्ण वाळू द्या, नाहीतर कागद दुसऱ्या दिवशी सैल पडतो. जाडी सारखी नसेल तर चांदणी एका अंगाला कलते. जाड कामटी तासून घ्या.

खळ मैद्याची: कपभर पाण्यात दोन चमचे मैदा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. एक पाकळी मागून उघडी ठेवा, बल्ब तिथून जातो. बल्ब अर्ध्या वॅटचा, पिवळसर एलईडी. नऊ वॅटचा पांढरा लावला की कागदाचा रंग मरतो, कामट्यांच्या सावल्या तेवढ्या उरतात. उघड्या गच्चीत टांगू नका, पहाटेच्या दवाने कागद लोंबतो.

गव्हांकुर:
गव्हाणी एका दिवसात पुरी करू नका. सगळं एकदम दिसलं की बघायला उरत नाही, नवल विरतं ते यामुळेच. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने गव्हाणी मांडली, तेव्हा तिथे गवत होतं, खरा बैल आणि खरं गाढव होतं, आणि लोक मशाली घेऊन रात्री आले होते. अंधार आणि वाट बघणं त्यात पहिल्यापासून आहे.

कुरणासाठी गहू पेरा, घटाला पेरतो तसेच. १२ तारखेच्या रात्री शंभर ग्रॅम गहू भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात बांधा, मोड फुटले की ताटात इंचभर मातीवर पसरा. घटाच्या वेगाने वाढतील ही अपेक्षा नको, नाशिकची डिसेंबरची थंडी त्यांना मागे ठेवते. म्हणून घाई होते, लोक पाणी वाढवतात आणि बुरशी येते. दिवसातून दोनदा फवारा पुरे. अंधारात ठेवले तर पिवळे पडतात, खिडकीशी ठेवा.

बाळ येशूची मूर्ती २४ च्या मध्यरात्रीपर्यंत कपाटात. गव्हाणी रिकामीच दिसली पाहिजे. ताऱ्याच्या मागोमाग बाळाला बघायला आलेले तीन ज्ञानी पुरुष, म्हणजेच तीन राजे, घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा. ते ६ जानेवारीला पोचतात. रोज कुणी सरकवायचे याची पाळी लावा, मोठी माणसंही विचारायला लागतात, आज कुठवर आले?

गोदाकाठ:
अर्ध्या वॅटचा उजेड दिसेल का? समोर रस्त्याचा दिवा आहे.

कामटी:
दिव्याच्या विरुद्ध बाजूला टांगा. आणि लावताना घरातले दिवे बंद करा. डोळे अंधाराला बऱ्यापैकी सरावायला वीसेक मिनिटं लागतात.

व्याध:
ती वीस मिनिटं गच्चीत काढा. गंगापूर धरणाच्या बाजूला जाता आलं तर उत्तमच. २४ च्या रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग दिसेल. त्याच्या पोटातला बाण, म्हणजे ओळीतल्या तीन चांदण्या, युरोपात काही ठिकाणी ‘तीन राजे’ म्हणून ओळखल्या जातात. ती रेघ खाली वाढवा, थेट व्याधावर जाते. रात्रीच्या आकाशातला तो सगळ्यांत तेजस्वी तारा. तीन राजे आणि त्यांचा तारा, दोन्ही एका रेषेत. घरात आल्यावर मगच चांदणी लावा.