मदत हवी आहे: बारावीला गणित आणि बायो दोन्ही घेतल्याचा पश्चात्ताप

दादरला बारावी सायन्सला असलेल्या भाचीला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) घेतल्याचा फार पश्चात्ताप होतोय. पुस्तक उघडलं की रडू येतं.

नेमकं अडतंय ते असं. बायोचं 30 गुणांचं प्रॅक्टिकल आहे, त्यामुळे जर्नल आणि आकृत्यांत संध्याकाळ जाते. मग गणितात इंटिग्रेशन मागे पडतं, आणि ते कच्चं राहिलं की डिफरेन्शियल इक्वेशन्स सुटतच नाहीत. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी 2 गुण, म्हणून धास्ती तिथेच जास्त. निगेटिव्ह मार्किंग नाही, एवढा दिलासा.

मेडिकलची नीट परीक्षा द्यायची नाही, हे तिचं ठरलंय. बी. फार्म.ला (फार्मसीची पदवी) पीसीएम किंवा पीसीबी कुठलाही ग्रुप चालतो, म्हणजे सीईटीला फक्त पीसीएम दिलं तरी ती वाट उघडी राहते. मग बायो बोर्डापुरतंच ठेवायचं असेल, तर आठवड्याला किती तास पुरतील? इंटिग्रेशन आधी सब्स्टिट्यूशनपासून पक्कं करावं की थेट जुने पेपर?

आणि मुख्य म्हणजे, "चुकीचं निवडलं" हे घोकणं कसं थांबवायचं? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिलाय, पण ती अजून बोललेली नाही. मुंबईत या वयाच्या मुलांशी नीट बोलणारे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का?