वाइनमध्ये केबल सापडत नाही त्याबद्दल

वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) ट्यूनईसीयू (मोटरसायकलच्या इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, तपासायचा आणि बदलायचा प्रोग्रॅम) उघडतं पण गाडीला जोडायची यूएसबी केबल सापडत नाही, म्हणून लिनक्सवर हे जमणारच नाही, असं कुणीतरी लिहिलं होतं; तो निष्कर्ष पटला नाही. वाइनची अडचण खरी आहे. हा प्रोग्रॅम केबलमधली चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या स्वतःच्या डी२एक्सएक्स ड्रायव्हरमधून केबलशी बोलतो, त्यामुळे वाइनला कॉम पोर्ट (नेहमीचा सिरियल पोर्ट) कितीही जोडून दिला तरी फायदा नाही. म्हणून मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आत आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज टाकलं. तिथेही दोन संध्याकाळी गेल्या, कारण यूएसबीची यादी रिकामीच दिसायची. शेवटी लिनक्सवरचा माझा यूजर 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात घातला, लॉगआउट करून परत आलो आणि केबल दिसली. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये ०४०३:६००१ (केबलमधल्या चिपचा यूएसबी ओळख क्रमांक) चा यूएसबी फिल्टर लावून टाका, नाहीतर केबल काढून घातली की ती परत लिनक्सकडेच जाते.

फॉल्ट कोड आणि सेन्सरचे आकडे मी असेच बघतो. ईसीयूमध्ये मॅप (इंजिन कसं चालवायचं त्याच्या आकड्यांचा तक्ता) लिहायला मात्र व्हर्च्युअल मशीन वापरू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. एकदा आकडे बघताना लॅपटॉप स्लीपमध्ये गेला आणि जोडणी तुटली. तेव्हा निभावलं, पण लिहिताना तसं झालं तर ईसीयू अर्धवट राहतो. त्या कामाला मी मित्राचा जुना विंडोज लॅपटॉप आणतो आणि गाडीच्या बॅटरीला चार्जर लावूनच इग्निशन चालू करतो.