'ॲडजंक्ट थेरपी'ला मराठीत काय म्हणायचं?

पंचवटीकर: एक लेख मराठीत करतोय, बॅक्टेरियल मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाला होणारा जंतुसंसर्ग) मेंदूला जो दाह होतो त्यावर हळद, द्राक्षं वगैरेतली संयुगं अँटिबायोटिकच्या जोडीला देता येतील का असा विषय. 'ॲडजंक्ट' अडलाय. 'पूरक' म्हटलं की लोकांना प्रोटीन पावडर आठवते. 'अनुपान' कसं वाटतं?

मखमलाबाद: अनुपान नको हो. सितोपलादि मधातून देतात, तो मध अनुपान. इथे दुसऱ्या औषधाचं काम वेगळंच असतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन या अँटिबायोटिकने जंतू फुटतात, त्यांच्या कवचाचे तुकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतात, आपलीच प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते आणि पेशंट वाचला तरी कधीकधी ऐकू येणं जातं. म्हणून डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं स्टेरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी नाहीतर सोबतच देतात, 2002च्या युरोपातल्या 301 प्रौढ पेशंटच्या ट्रायलपासून ते पक्कं झालं. त्याला अनुपान म्हणाल का? हां, हळदीतलं कर्क्युमिन अंगात फारसं शोषलं जात नाही म्हणून सोबत मिरीतलं पायपेरीन देतात, 1998 मध्ये बंगळुरूच्या अभ्यासात त्याने माणसांत कर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली, ते मात्र चक्क अनुपान!

सिडकोवाली: भाऊ, 'मेंदूज्वर' लिहू नका फक्त, लोकांना जपानी मेंदूज्वर वाटतो, तो व्हायरसचा. मेनिंजायटिसच ठेवा, 'मस्तिष्कावरणशोथ' गोळे कॉलनीतल्या मेडिकलवाल्यालाही कळणार नाही. आणि दाह आणि सूज वेगवेगळे ठेवा, कारण या आजारात दोन्ही होतात.

पंचवटीकर: ताई, मग 'सहायक उपचार'?

सिडकोवाली: सरकारी वाटतं. मला भीती वेगळीच आहे, लोक 'जोडीला' वाचतात आणि 'ऐवजी' समजतात. द्राक्षाच्या सालीत रेझव्हेराट्रॉल असतं एवढं छापलं की पिंपळगावची द्राक्षं मेंदूला औषध म्हणून व्हॉट्सॲपवर फिरायला लागेल. मेनिंजायटिसमध्ये या संयुगांवरचं बहुतेक काम लॅबमधल्या पेशी आणि उंदरांवरचं आहे, पहिल्याच परिच्छेदात सांगा ते.

मखमलाबाद: मग 'जोडउपचार' घ्या की, जोडधंद्यासारखा. शेळ्या पाळल्या म्हणून कोणी शेती सोडत नाही.

पंचवटीकर: हा बसला! मथळ्यात 'अँटिबायोटिकसोबतचा जोडउपचार' असंच लिहितो.

सिडकोवाली: एकत्र लिहा पण. सुटं 'जोड उपचार' छापलं तर हाडवैद्याची जाहिरात वाटेल 😄