‘कॉर्ड प्रोग्रेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

पांढरी_एक (जळगाव): मी मुलांना पियानो शिकवते, त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहितेय. ‘स्वरसंघातांची प्रगती’ लिहिलं, तर एकाने विचारलं, “टीचर, प्रगतिपुस्तकातली प्रगती का?” प्रश्न रास्त आहे. इथे एका कॉर्डमधून, म्हणजे एकत्र दाबलेल्या स्वरांतून, दुसरीत सरकणं आहे. पांढरी एकचा (पाश्चात्त्य C) सा धरून सागप दाबा. मग फक्त प उचलून ध: सागध. मग गचा म: सामध. शेवटी तिन्ही बोटं खाली: निरेप, नि मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला. डाव्या हाताने एवढं जमलं की उजव्या हातातली साधी चाल भरून येते. या सरकण्याला शब्द सुचवा.

तापीकाठ: मेळक्रम.

भुसावळकर: ‘मेळ’ नको. कर्नाटक संगीतातले ७२ मेळ म्हणजे आपल्या थाटासारखे, रागांचे वर्ग. मुलं गोंधळतील.

तापीकाठ: पण मूळ अर्थ तोच आहे! संगीतातला कॉर्ड ‘अकॉर्ड’वरून आला, म्हणजे जुळणं. तारेच्या लॅटिन शब्दाशी गल्लत होऊन स्पेलिंगमध्ये ‘एच’ घुसला.

अमळनेरी: माझे काका लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे. वरातीत गायकाने पट्टी बदलली की ओरडायचे, “कॉर्ड फिरव रे!” शब्द वाजवणाऱ्यांकडून घ्या. ‘कॉर्डची फिरत’ म्हणा.

भुसावळकर: फिरत गळ्याची असते, तानेत. तिचा अर्थ ठरलेला आहे. आणि ‘कॉर्ड’ तसाच ठेवायचा तर मराठीत उरणार काय? हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये झालं, तरी आपण तिला पेटी म्हटलंच ना?

अमळनेरी: म्हटलं, पण कोशात बघून नाही. समोर पेटी दिसली म्हणून पेटी. भजनी मंडळांनी तो शब्द रुळवला. मेळक्रम कोणाच्या तोंडी बसणार, सांगा.

पांढरी_एक: ‘कॉर्डची फिरत’ उद्या वर्गात म्हणून बघते.

धुळेकर: ताई, तुम्ही ‘दुसरीत’ लिहिलंत, म्हणजे ती कॉर्ड? आमच्याकडे सगळे ‘तो कॉर्ड’ म्हणतात.

अमळनेरी: ती पट्टी, ती पेटी, म्हणून ती कॉर्ड. काकाही ‘ती’च म्हणायचे.

तापीकाठ: मग तो सूर, तो स्वर, तो मेळ, त्यांचं काय?

धुळेकर: तेच म्हणतोय मी. तो कॉर्ड.