मदत हवी आहे: लेकीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, विषयांचा फॉर्म सोमवारी द्यायचाय

मंडळी नमस्कार,

माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. लेकीला कॅपच्या (सगळ्या कॉलेजांच्या एकत्र प्रवेशाच्या) दुसऱ्या फेरीत कोल्हापुरातच एका स्वायत्त कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग मिळालं. पेढे वाटून झाले, फी भरून झाली आणि काल तिनं एक फॉर्म माझ्यापुढं ठेवला. आमच्या वेळी हा प्रकारच नव्हता. टाइमटेबल नोटीस बोर्डावर लागायचं, ते वहीत उतरवायचं, संपलं.

गणित, फिजिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल हे सगळ्यांना सारखंच आहे, त्यात निवड नाही. निवडायचंय ते असं. प्रोग्रॅमिंगला सी की पायथन? भाषेला जर्मन की जपानी? भारतीय ज्ञान प्रणालीत गणित-खगोलशास्त्र की मंदिर स्थापत्य? को-करिक्युलरला एनएसएस, योग किंवा खेळ. आणि शेवटी मल्टिडिसिप्लिनरी मायनर, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून दुसऱ्या शाखेचे थोडे थोडे विषय. त्याचा पसंतीक्रम आत्ताच मागितलाय: इलेक्ट्रॉनिक्स, मॅन्युफॅक्चरिंग, फायनान्स.

माझं मत मॅन्युफॅक्चरिंग. लेकीचं म्हणणं, "पप्पा, मला फाउंड्रीत काळं व्हायला कॉम्प्युटरला घातलंय का?" तिला फायनान्स पाहिजे, कारण मैत्रिणी तेच भरतायत. कॉलेजात विचारलं तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, काहीही भरा, नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, ते काही सांगितलं नाही.

पुस्तिकेत आणखी एक वाचलं आणि जरा हबकलोच. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. मी तीन वर्षं घासून घेतलेला डिप्लोमा हिला दोन वर्षांत? असो.

यातलं काय चुकलं तर महागात पडेल आणि काय चुकलं तरी चालून जाईल, एवढंच सांगा. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलीय, कॉलेजला सुट्टी आहे, म्हणून विचार करायला चार दिवस मिळालेत.

पंचगंगाकाठ: काका, मी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरलाच. मी पायथन घेतलं होतं. पहिलं सेमिस्टर मजेत गेलं, मार्कही चांगले पडले. तिसऱ्या सेमला डेटा स्ट्रक्चर्स आलं, तेही सीमध्ये. पायथनमध्ये यादीत एक वस्तू वाढवायची तर एक ओळ लिहायची नि मोकळं व्हायचं. सीमध्ये जागा स्वतः मागायची, तिचा पत्ता स्वतः जपायचा, काम झालं की स्वतः परत करायची. पत्ता चुकला की प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट म्हणून मरतो आणि का मेला ते सांगत नाही. हा पत्ता जपणारा म्हणजे पॉइंटर. दिवाळीपर्यंत त्यानं माझा घाम काढला.

धागाकर्ता: म्हणजे आधी हातानं चालवायचं लेथ, मग कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन. हे आपल्याला पटलं.

कावळा नाका: थांबा साहेब, एवढं सोपं नाही. मी तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, आधी पुण्यात, आता घरूनच. पायथन म्हणजे काही आळशी लोकांची सीएनसी नव्हे. ज्या मुलांनी आयुष्यात एक ओळ प्रोग्राम लिहिला नाही, त्यांना पहिल्याच महिन्यात पॉइंटर दिला तर ती "आपल्याला जमत नाही" म्हणून मनातून विषय सोडून देतात. तशी हुशार पोरं मी बघितलीत. मुलीला बारावीला काय होतं?

धागाकर्ता: बायफोकलचा (व्यवसाय विषयाचा) कॉम्प्युटर सायन्स होता. थोडं सी प्लस प्लस झालंय म्हणे. घरी एक प्रोग्राम लिहून दाखवला होता, माझ्या दुकानाच्या बिलाचा. जीएसटी चुकला होता, पण चालत होता.

कावळा नाका: मग प्रश्न मिटला. सी घ्या. पायथन ती उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून शिकेल, त्याला मास्तर लागत नाही. सी शिकताना मात्र लॅबमध्ये कुणीतरी पाठीमागं उभं राहून "हा पत्ता आहे, ही किंमत आहे" असं शंभरदा सांगावं लागतं. पुढं ऑपरेटिंग सिस्टिम आली की तेच कामाला येतं. माझी कसोटी एवढीच असते: जे एकट्याला नंतर शिकता येतं, ते कॉलेजात क्रेडिट (डिग्रीसाठी मोजले जाणारे विषयाचे गुणांक) खर्चून घेऊ नये.

त्याच कसोटीवर मायनर बघा. फायनान्सची तोंडओळख पुस्तकातून किंवा एनपीटीईएलवरून (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) होते. तिथं १२ आठवड्यांचा कोर्स असतो, शिकायला फुकट, परीक्षा द्यायची तर फी. असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५ टक्के. कॉलेजनं मान्य केलं तर त्याची ३ क्रेडिट धरतात. इलेक्ट्रॉनिक्सचं तसं नाही. सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप काही घरात नसतो.

आणि फॉर्मवर पर्याय नाही म्हणून गणिताकडं दुर्लक्ष नको. पहिल्या वर्षाचं मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यू पोरं पाठ करून सोडून देतात, मग चौथ्या वर्षाला मशीन लर्निंग घेतलं की तेच हुडकत फिरतात. गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा) कॉम्प्युटर पेपरात १०० पैकी साधारण १३ मार्क गणिताचे आणि १५ ॲप्टिट्यूडचे असतात. अठ्ठावीस मार्कांची पेरणी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच होते.

गोकुळ शिरगाव: आमची फाउंड्री आहे, म्हणून या मॅन्युफॅक्चरिंगवर बोलतो. वाळूतला ओलावा, वितळलेल्या धातूचं तापमान, कुठल्या शिफ्टला किती माल रिजेक्ट झाला, सगळं आमच्याकडं रजिस्टरमध्ये पेननं लिहिलेलं पडून आहे. प्रोग्रॅमर बोलावला तर त्याला ब्लोहोल (ओतकामात हवेनं पडलेलं भोक) म्हणजे काय हे सांगण्यातच दोन दिवस जातात. आमच्या माणसाला कळतं, तर त्याला एक्सेलच्या पुढं जाता येत नाही. दोन्ही कळणारं माणूस मिळालं तर उद्या ठेवून घेऊ. पण ताईंना रस नसेल तर लादू नका. बापाच्या धंद्यासाठी घेतलेला विषय पोरं बापावर राग काढत शिकतात. मी स्वतः तसाच शिकलोय.

पंचगंगाकाठ: काका, एक व्यवहाराची गोष्ट. फॉर्म देण्याआधी हे विचारून घ्या की ठरावीक संख्येपेक्षा कमी मुलं आली तर मायनर रद्द होतो का. आमच्याकडं झाला होता. मग ज्यांनी दुसरी पसंती आंधळेपणानं भरली होती त्यांना तीच घ्यावी लागली. तिसऱ्या पसंतीपर्यंत सगळं मनापासून भरा. आणि तो विषय शिकवणार कोण, ते ऑफिसात नको, सीनिअर मुलांना विचारा.

क्रेडिटचा हिशोबही बघून ठेवा. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे १ क्रेडिट, पण प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून १. कागदावर २ क्रेडिटचा वाटणारा लॅबचा विषय आठवड्याचे चार तास खातो, वर जर्नल वेगळं.

धागाकर्ता: काल रात्री हा सगळा धागा लेकीला वाचायला दिला. ती तासभर काही बोलली नाही. मग गोकुळ शिरगावच्या साहेबांचं रजिस्टरचं म्हणणं तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं, "पप्पा, आपल्याकडं पण असं रजिस्टर आहे का?" आहे. सात वर्षांचं आहे. माळ्यावर.

पेन्सिलनं भरलंय ते असं: सी. मायनरला पहिलं इलेक्ट्रॉनिक्स, दुसरं मॅन्युफॅक्चरिंग, तिसरं फायनान्स. मला पहिलं मिळालं नाही, पण शेवटून दुसरं झालो, चालतंय. ज्ञान प्रणालीत तिनं गणित घेतलंय. पिंगलाच्या छंदशास्त्रातलं लघु-गुरु म्हणजे शून्य-एकासारखंच, असं तिला कुणीतरी सांगितलंय. मी मंदिर स्थापत्य म्हणत होतो, त्या निमित्तानं खिद्रापूरच्या जुन्या देवळाला एक चक्कर झाली असती. एनएसएस तिनं मला न विचारता भरलं. पुराच्या वेळी मदतीला जाता येतं म्हणाली.

एक्झिटच्या नियमाचं आता काही विचारत नाही, ती मधे बाहेर पडणाऱ्यातली नाही.

सोमवारपर्यंत पाणी उतरलं तर पेन्सिलवर पेन फिरवून फॉर्म देऊ. जर्मन की जपानी, ते मात्र अजून कुणीच सांगितलं नाही.