इंटर्नल सोडून चालत नाही
एमबीबीएसच्या मुलांना ‘कॉलेजचे मार्क कोण विचारतो, पहिल्या वर्षापासून नीट-पीजीच (एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा) धरा’ असा सल्ला देतात, तो मला अर्धाच पटतो. त्या ८०० गुणांच्या पेपरात एमबीबीएसचे टक्के धरत नाहीत, खरंय. पण इंटर्नलला (कॉलेजातच होणाऱ्या परीक्षांना) थिअरी-प्रॅक्टिकल मिळून ५० टक्के, शिवाय थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षेलाच बसता येत नाही. मग कसली पीजी?

माझी पुतणी मिरजेत एमबीबीएस शिकते. वॉर्डात सीमेपलीकडचे कानडी पेशंट भरपूर. मोडक्यातोडक्या कानडीत हिस्टरी (पेशंटकडून आजाराची माहिती) घ्यायची आणि संध्याकाळी त्याच आजारावरचे नीट-पीजीसारखे पर्यायी प्रश्न (एमसीक्यू) ॲपवर सोडवायचे, एवढंच तिचं वेळापत्रक. विद्यापीठाची परीक्षा जवळ आली की मात्र ॲप बंद. तिथे दीर्घोत्तरं हातानेच लिहावी लागतात (अक्षर आत्ताच डॉक्टरांचं झालंय, ते वेगळं).