गादीवाफे: कशाचे बांधले, कशाने भरले?

पाऊस ओसरला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "परसात वाफा बांधायचाय, माती कुठनं आणू?" म्हणून हा धागा. कोल्हापुरात आणि आसपास ज्यांनी अंगणात, बोळात, गच्चीवर गादीवाफे, म्हणजे कडा बांधून जमिनीपेक्षा उंच भरलेले वाफे, केलेत त्यांनी लिहा. पिकलेल्या भाज्यांची यादी नको. कडा कशाच्या, आत काय घातलं आणि जुलैच्या पावसात त्याचं काय झालं, एवढं सांगा. सुरुवात मी करतो.

राजारामपुरी (धागा काढणारा)
कडेला जांभ्याचे चिरे, सिमेंट न लावता नुसते रचलेले. पाणी फटींतून आपोआप निघून जातं. चिरा महाग पडतो, पण त्याला वाळवी लागत नाही की गंज चढत नाही. लाकूड घालायचंच असेल तर जुने रेल्वे स्लीपर घेऊ नका, त्यांना क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल पाजलेलं असतं. दोन्हीकडून जाता येत असेल तर चार फूट रुंदी बास. भिंतीला लागून असेल तर दोनच फूट, नाहीतर तण काढायला वाफ्यात उतरावं लागतं आणि उतरलं की माती दबते.

माझा वाफा सहा बाय तीन, उंची सव्वा फूट, म्हणजे साडेबावीस घनफूट. ब्रास शंभर घनफुटांचा, तेव्हा ब्रासभर भरीत असे चार वाफे निघतात. मात्र सगळी भर मातीची करू नका. आपली काळी माती एकटी भरली तर पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मी अर्ध्याच्या आत माती ठेवली, तीही पन्हाळ्याकडची तांबडी मिसळून. उरलेलं शेणखत आणि पालापाचोळा.

हातकणंगले तालुका
आमच्यात ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, लई. मालक म्हणायचे पेटवून टाकू, मी म्हटलो थांबा, परसात घालतो. खाली पाचटाचा गुडघाभर थर, त्यावर शेणकाला, मग माती, परत पाचट. नुसतं पाचट घातलं तर रोपं पिवळी पडत्यात, कारण ते कुजताना मातीतलं नत्र खातं. शेतात टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवायचं जिवाणू खत असा हिशोब असतोय. परसात क्विंटलभर पाचट असलं तर त्याचा दहावा हिस्सा धरायचा. सासूबाईंना युरिया चालत न्हाई, म्हणून आमच्यात शेण आणि गोमूत्रच जास्त. जरा उशिरा कुजतंय, पण कुजतंय. उन्हाळ्यात भरून ठेवलं की पावसाळ्यात थर निम्म्यावर बसतोय, मग गणपतीच्या सुमारास वरनं माती-शेणखत घालून मेथी, पोकळा टाकायचा.

मंगळवार पेठ
पाचट शहरात कुठलं मिळणार! मी चिपाडावर, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यावर, काम भागवतो. गुऱ्हाळावर मागायला जाऊ नका, तिथं चिपाड चुलवाणात जळण म्हणून लागतं, कुणी फुकट देत नाही. कारखानेही बगॅस बॉयलरला घालतात. रसवंतीवाल्याला मात्र संध्याकाळी ते कुठं टाकावं हा प्रश्न असतो. पोतं दिलंत तर भरून ठेवेल. ओलं चिपाड थेट वाफ्यात घातलं तर गोडव्याला मुंग्यांची रांग लागते, म्हणून आधी पसरून कडक वाळवायचं. शहरातली शेती हा विषय कोल्हापूरला नवा नाही. शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांची 'प्रयोग परिवार' चळवळ उभी करणारे श्री. अ. दाभोळकर इथलेच.

साने गुरुजी वसाहत
चुलवाणातली राख घातली तर चालेल का? पोतंभर मिळतेय.

राजारामपुरी
चिमूटभर ठीक, पोतं नको. राख अल्कधर्मी आणि काळी माती बहुधा आधीच त्या बाजूला झुकलेली.

ताराबाई पार्क
मी सिव्हिलवाला, त्यामुळे गच्चीवाल्यांसाठी लिहितो. जमिनीवर चालतं ते स्लॅबवर चालत नाही. सहा बाय तीनचा फूटभर वाफा ओल्या मातीने भरला की पाऊण टनाच्या वर जातो. म्हणजे चौरस मीटरला साधारण पाचशे किलो. वावरायच्या गच्चीवर डिझाइनमध्ये माणसं, सामान वगैरे मिळून चौरस मीटरला सुमारे 150 किलो धरलेले असतात. बाकीचं तुम्हीच ओळखा. मंगळवार पेठेतल्या सद्गृहस्थांचं चिपाड इथे खरं कामाला येतं. भर हलकी, खोली सहा ते आठ इंच, त्यात पालेभाज्या उत्तम येतात. वांगी-टोमॅटोला फूटभर खोली हवी, ती कुंडीत लावा आणि कुंड्या तुळईच्या रेषेत ठेवा. वाफा थेट स्लॅबवर न टेकवता खाली विटांचे पाय द्या, म्हणजे पाणी वाहतं राहील आणि गळती कुठे आहे ते दिसेल. जुन्या घराची गच्ची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. आमची बिरादरी फी घेते, पण स्लॅबपेक्षा स्वस्त.

उचगाव
शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची वापरलेली वाळू फुकट मिळते म्हणून काहीजण निचऱ्यासाठी वाफ्यात घालतात. मी फौंड्रीतच आहे. साच्याच्या त्या वाळूत रेझिन असतं, कोळशाची भुकटी असते, धातूचे कण असतात. भाजीच्या वाफ्यात अजिबात नको.

कागल
शेणखताबद्दल कुणी बोललं नाही अजून. उकिरड्यातलं अर्धवट कुजलेलं खत आणलं की त्यातून हुमणी येते. पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली अळी, मुळं कुरतडते. वरून रोप धडधाकट दिसतं आणि एका सकाळी मान टाकतं. वळवाचे पाऊस झाले की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुलिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. त्या वेळी फांद्या हलवून पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, उसातही हेच करतात. वाफा भरताना खत चाळणीतून काढा, अळ्या दिसतात. कोंबड्या असतील तर खत त्यांच्यापुढे पसरा, त्या एक सोडत नाहीत. चाळल्यावरही शंका असेल तर हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून घालतात.

शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ
तुमच्या सगळ्यांच्या वाफ्यांवर पाऊस पडतो, आमच्या वाफ्यात नदी येते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, तिथं सव्वा फुटाच्या वाफ्याचं काय कौतुक! पण गंमत बघा, विटांच्या कडा जागेवर राहिल्या आणि आतली हलकी भर तरंगून शेजाऱ्यांच्या अंगणात गेली. माती जास्त असलेला वाफा तसाच राहिला. म्हणून आमच्याकडे चिपाड कमी, माती जास्त. पूर उतरल्यावर वर बसलेला गाळ खरवडून काढला, कारण त्यात गटाराचं पाणी असतं. मग हिरवळीचं खत म्हणून ताग पेरला आणि फुलावर यायच्या आधी मातीत गाडला. गाजर, मुळा, कोथिंबीर, कच्चं खायचं काहीही दुसऱ्या वर्षापर्यंत लावलं नाही. खालच्या भागातल्यांनी वाफे दरवर्षी नव्याने भरायची तयारी ठेवावी, किंवा भर पोत्यांत ठेवून पाणी चढायला लागलं की जिन्यावर न्यावी. आम्ही आता तेच करतो.

कळंबा
शाहूपुरीकर, पोती सिमेंटची की खताची? पाणी धरतात का?

शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ
खताची, तळाला भोकं पाडून. मिरची त्यातच लावलेली असते, ती पोत्यासकट वर जाते.